अमावास्येनंतरचा शनिवार: ब्रिडपोर्ट बघायचं तर

ब्रिडपोर्टला जायचा दिवस ठरवताना आम्ही आधी रेल्वेचं वेळापत्रक उघडत नाही, भिंतीवरचं कालनिर्णय बघतो. अमावास्या किंवा पौर्णिमा कधी आहे आणि तिच्यानंतर एक-दोन दिवसांत शनिवार पडतो का, एवढंच शोधायचं असतं. तसा शनिवार मिळाला की निम्मं नियोजन झालं.

कारण सरळ आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटच्या पश्चिम भागात असलेल्या या गावाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो, त्यातला शनिवारचा मोठा. गावापासून समुद्र अडीचएक किलोमीटरवर, आणि तिथल्या कड्यांखालून चालायचं तर ओहोटीच हवी. त्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी दुपारी येते: हिवाळ्याच्या घड्याळाने साडेबारा-एकच्या सुमाराला, उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असतात म्हणून दीड-दोनला. सकाळी बाजार, मग किनारा असा सगळा दिवस ओळीने लागतो. सप्तमी-अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या दिवसांत गेलात तर ओहोटी भल्या पहाटे आणि संध्याकाळी येते, तीही अर्धवट. बाजार तेवढा होतो, किनारा राहून जातो. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, पण लंडनमध्ये चार वर्षं काढली की तोही समुद्राला वेळ असते हे विसरतो.

पंचांगावरून फक्त दिवस निवडायचा, नेमकी वेळ नाही. वेळेसाठी ब्रिटिश ॲडमिरल्टीचं इझीटाइड हे मोफत पान आहे. त्यावर पुढच्या आठवडाभराच्या भरती-ओहोटीच्या वेळा मिळतात. तिथे किंवा दुकानात मिळणाऱ्या छोट्या भरती-पुस्तिकेत एक गोष्ट हमखास फसवते. बऱ्याच तक्त्यांमध्ये वेळा ग्रिनिचच्या असतात. मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत त्यात एक तास मिळवायला लागतो. तो मिळवला नाही तर तक्ता एकची ओहोटी दाखवतो आणि खरी दोनला असते, म्हणजे ओहोटीच्या बाबतीत पदरात तासभर जास्त पडतो. घात होतो तो भरतीचा आकडा वाचताना: पाणी वाटतं त्याहून तासभर उशिरापर्यंत वर चढत राहतं. लक्षात ठेवायला सोपा नियम असा, की ओहोटीच्या दोन तास आधी उतरायचं आणि ओहोटीच्या वेळी परतीला लागायचं.

आता पोचायचं कसं. ब्रिडपोर्टला रेल्वे नाही. मेडन न्यूटनहून येणारा फाटा १९७५ साली बंद झाला. लंडन वॉटर्लूहून डॉर्चेस्टर साऊथला थेट गाडी आहे, पावणेतीन तासांच्या आत-बाहेर लागतात, आणि पुढे एक्स-५१ क्रमांकाची बस ए-३५ रस्त्याने ब्रिडपोर्टला सोडते. पश्चिमेकडून येणाऱ्यांना ॲक्समिन्स्टर स्टेशन सोयीचं. वेमथला उतरलात तर एक्स-५३ घ्या, वेळ जास्त लागतो, पण ती ॲबट्सबरीवरून किनाऱ्याकिनाऱ्याने येते आणि वरच्या मजल्यावर डाव्या हाताची खिडकी मिळाली तर चेझिल बीच या गोट्यांच्या किनाऱ्याची अख्खी लांबी खाली पसरलेली दिसते. इंग्लंडमधल्या बहुतेक स्थानिक बसचं एकेरी भाडं जानेवारी २०२५पासून जास्तीत जास्त ३ पौंड आहे, त्यामुळे हा देखावा फार महाग पडत नाही. कार्ड यंत्राला टेकवण्याआधी चालकाला उतरायचं ठिकाण सांगायचं.

तिकिटाबद्दल एक सल्ला. जाताना आधी काढलेलं ॲडव्हान्स तिकीट ठीक, येताना नको. ते ठरावीक गाडीलाच चालतं, आणि उन्हाळ्यातल्या शनिवारी ए-३५वर, खासकरून चिडिओकच्या अरुंद रस्त्यावर, वाहनं खोळंबतात. बस वीस मिनिटं उशिरा पोचली की गाडी सुटते आणि नवं तिकीट पूर्ण भावाने घ्यावं लागतं. त्यापेक्षा ऑफ-पीक रिटर्न घ्यावं, परतीची गाडी मोकळी राहते. जोडीने जाणाऱ्यांनी टू टुगेदर रेलकार्ड काढलं तर एक तृतीयांश सूट मिळते. दोघांनी एकत्रच प्रवास करायला हवा आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही, शनिवार-रविवारी ही अट नाही. रविवारी परतायचं असेल तर रुळांची कामं आहेत का ते आदल्या आठवड्यात बघून ठेवा, गाडीऐवजी बस दिली असेल तर तास-दीड तास वाढतो.

गावाची रचना इंग्रजी टी अक्षरासारखी आहे. वेस्ट स्ट्रीट आणि ईस्ट स्ट्रीट एका रेषेत, आणि मध्यातून खाली समुद्राकडे जाणारा साऊथ स्ट्रीट. तिठ्यावर १७८०च्या दशकात बांधलेला विटांचा टाउन हॉल, वर घड्याळाचा मनोरा, आणि शेजारी बकी डू नावाचा छोटा चौक. रस्ते या आकाराच्या गावाला न शोभतील इतके रुंद आहेत. त्याचं कारण दोरखंडात आहे, त्याकडे पुढे येतो. या रुंदीमुळेच बाजार कुठल्या मैदानात न भरता थेट रस्त्याच्या कडेने, दुकानांसमोर मांडला जातो. रस्ता बंद होत नाही, फुटपाथलगत ठेले लागतात आणि पलीकडून गाड्या जात राहतात. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांचा हात सोडू नका.

बाजाराला नऊच्या सुमाराला पोचावं. ठेले त्याआधीच लागलेले असतात, पण गर्दी दहानंतर वाढते. दोन वाजले की आवराआवर सुरू होते, पावसात आणि हिवाळ्यात तर त्याहून लवकर. ‘जेवून मग निवांत बाजार बघू’ हा बेत इथे फसतो. वेस्ट आणि ईस्ट स्ट्रीटला भाजी, फुलझाडं, पाव, चीज, कपडे असा रोजच्या कामाचा माल, आणि साऊथ स्ट्रीटला जुन्यापान्या वस्तू: पितळी कड्या, चिनी मातीच्या बश्या, सुताराची हत्यारं, नकाशे, चांदीचे मुलामे उडालेले काटे-चमचे. माझा सगळा वेळ साऊथ स्ट्रीटलाच जातो आणि ते योग्यच आहे असं मला वाटतं, भाजी काय कुठेही मिळते.

घासाघीस कुठे करायची याचा शिरस्ता आहे. खाण्याच्या ठेल्यावर अजिबात नाही. जुन्या वस्तूंच्या ठेल्यावर चालते, पण आपल्याकडे निम्म्यापासून सुरुवात करतात तशी नाही. वस्तू हातात घेऊन, नीट बघून, ‘व्हॉट्स युअर बेस्ट प्राइस ऑन धिस?’ एवढं विचारायचं. विकणारा दहा-पंधरा टक्के कमी सांगतो. तो आकडा पटला तर घ्यायची, नाही तर थँक यू म्हणून खाली ठेवायची. पुन्हा आपला आकडा सांगत बसलं की संभाषण थंड होतं. दोन-तीन वस्तू एकत्र घेतल्या तर सूट सहज मिळते. बहुतेकांकडे कार्डाचं यंत्र असलं तरी पाच-दहाच्या नोटा जवळ असाव्यात. सुटे हातात दिसले की भाव पटकन जुळतो. चांदी म्हणून दाखवलेल्या वस्तूवर चालणाऱ्या सिंहाचा छाप शोधा. तो असेल तर स्टर्लिंग चांदी. ‘ईपीएनएस’ अशी अक्षरं असतील तर निकेल सिल्व्हर नावाच्या मिश्रधातूवर चढवलेला चांदीचा मुलामा. आणि सुरी, कात्री, जुना करवत असलं काही घेतलं तर विमानात ते चेक-इनच्या बॅगेतच जाणार, हे घेतानाच लक्षात असू द्या.

दोरखंडाची गोष्ट अशी. आजूबाजूच्या, विशेषतः मार्शवुड व्हेलच्या जमिनीत जवस आणि हेम्प चांगलं येई. हेम्प म्हणजे भांगेच्याच जातीचं झाड, पण वाखासाठी लावलेलं. त्यातून जहाजांचे दोर, शिडांचं कापड आणि मासेमारीची जाळी इथे होऊ लागली. १२१३ साली जॉन राजाने जहाजांसाठी लागतील तेवढे दोर ब्रिडपोर्टला रात्रंदिवस वळवून घ्या असा हुकूम पाठवला होता, तेव्हाच गावाचा लौकिक होता म्हणायचा. १२५३ साली गावाला सनद मिळाली. फाशीच्या दोराला ‘ब्रिडपोर्टचा खंजीर’ म्हणत, म्हणजे ब्रिडपोर्टच्या खंजिराने मेला याचा अर्थ फासावर गेला. दोर वळायला लांबच लांब सरळ जागा लागते, म्हणून घरांमागे अरुंद, लांबलचक परसं राखली गेली आणि रुंद रस्त्यांचाही त्यासाठी उपयोग झाला. रस्त्यावरून मागे जाणाऱ्या बोळांत शिरा, ती लांबी अजून कळते. एका वाहनतळाचं नावच रोप वॉक्स आहे. जाळ्यांचा धंदा अजून संपलेला नाही, खेळांची जाळी या भागात आजही होतात.

साऊथ स्ट्रीटवरच्या ब्रिडपोर्ट म्युझियमला तासभर द्याच. प्रवेश मोफत, दाराशी दानपेटी. उघडण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, निघण्याआधी बघून घ्या. प्रात्यक्षिक चालू असेल तर दोर वळण्याचं यंत्र जवळून बघावं. एका टोकाला तीन आकडे असलेली चक्री, दुसऱ्या टोकाला मोकळा फिरणारा एकच आकडा. तिन्ही आकड्यांना सुताचे जुडगे अडकवून सगळ्यांची दुसरी टोकं समोरच्या एका आकड्यात घालतात. मधे तीन खाचांचा लाकडी शंकू. खाचांमधून एकेक जुडगा जातो. चक्रीचा दांडा फिरवला की तिन्ही जुडग्यांना एकाच दिशेने पीळ बसतो, ताण वाढतो, आणि पलीकडचा मोकळा आकडा आपोआप फिरायला लागतो. शंकू हळूहळू चक्रीकडे सरकवत न्यायचा. त्याच्या मागे तिन्ही जुडगे एकमेकांवर उलट दिशेने गुंडाळले जाऊन दोर तयार होत जातो. जुडगा उसवू पाहतो ती दिशा आणि दोर उसवू पाहतो ती दिशा एकमेकींच्या विरुद्ध, म्हणून दोन्ही एकमेकांना धरून ठेवतात. गाठ न मारताही दोर सुटत नाही तो यामुळे. शंकू घाईने ओढला तर दोर सैल आणि ढिला होतो. फार हळू नेला तर पीळ साचून मधेच गाठोडी उठतात. वळताना लांबी सुमारे एक तृतीयांशाने कमी होते, म्हणून दूरचं टोक कधी पक्कं रोवत नाहीत, ते पुढे सरकायला मोकळं ठेवतात.

तिथेच जाळी विणायच्या लाकडी सुया आणि जाळीच्या भोकांचं माप राखणाऱ्या पट्ट्या ठेवलेल्या आहेत. कारखाने आल्यावरही कितीतरी काळ गावोगावच्या बायका घरी बसून जाळी विणत. सूत घरपोच यायचं आणि तयार जाळं उचललं जायचं. विडी कामगारांचा धंदा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा हिशेब लगेच कळेल.

जेवणाची वेळ पाळावी लागते. पबचं स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होतं ते सहालाच उघडतं. मधल्या वेळात फक्त केक आणि चहा. पबमध्ये टेबल पकडायचं, त्यावरचा क्रमांक लक्षात ठेवायचा आणि बारवर जाऊन ऑर्डर आणि पैसे द्यायचे. वेटर येईल म्हणून बसून राहिलात तर बसूनच राहाल. बारवर टिप द्यायची पद्धत नाही. टेबलावर वाढणाऱ्या हॉटेलात दहा-साडेबारा टक्के, तेही बिलात आधीच धरलेले नसतील तर. गावातली पामर्स ही दारूभट्टी १७९४पासूनची, छपराचा भाग अजून गवताने शाकारलेला आहे. त्यांची बिअर इथल्या बहुतेक पबमध्ये असते. डॉर्सेटचा म्हणून खायचा तर सफरचंदाचा केक आणि ब्लू व्हिनी चीज. हे चीज निळ्या बुरशीचं, कोरडं, भुसभुशीत आणि वासाला तिखट असतं. आवडेलच असं नाही, शंभर ग्रॅमच घ्या. डॉर्सेट नॉब नावाची टणक गोल बिस्किटं चहात बुडवूनच खायची, आपल्या बटरसारखी. शाकाहारी मंडळींनी चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध गोठवणारं विरजण) आहे का आणि चिप्स मासे तळलेल्याच तेलात तळतात का, हे दोन प्रश्न विचारावेत. कोणी वाईट वाटून घेत नाही, खरं ते सांगतात.

ओहोटीच्या दोन तास आधी खाली पोचता येईल अशा बेताने किनाऱ्याकडे निघावं. बसने वेस्ट बे दहा मिनिटांत येतं, पण ब्रिट नदीच्या काठची पायवाट सोडू नये. साऊथ स्ट्रीटच्या खालच्या टोकाकडून ती कुरणांमधून जाते. सपाट आहे, अर्धा तास ते चाळीस मिनिटं. पाऊस झाला असेल तर फाटकांपाशी घोट्यापर्यंत चिखल. फाटक आपल्याला जसं मिळालं तसंच ठेवायचं: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. गाईंबरोबर वासरं असतील तर त्यांच्या मधून जायचं नाही, लांबून वळसा घ्यायचा. कुत्रं बरोबर असेल तर साखळीत. मात्र गाय अंगावर आलीच तर साखळी सोडून द्यायची, कारण तिचा राग कुत्र्यावर असतो आणि ते पळून जाऊ शकतं, आपण नाही.

वेस्ट बेचं जुनं नाव ब्रिडपोर्ट हार्बर. १८८४ साली रेल्वे इथवर आली तेव्हा प्रवाशांना ओढायला वेस्ट बे हे नाव पुढे आलं. बंदर मुळात सोयीचं नव्हतंच, लाटांनी आणलेली वाळू आणि गोटे तोंड बुजवत राहायचे. म्हणून नदीचं पाणी बंदराच्या मागे झडपांनी अडवून ठेवत आणि ओहोटीला एकदम सोडत, त्या लोंढ्याने गाळ धुऊन निघे. झडपा आजही बघायला मिळतात. बंदराच्या काठाने खाण्याच्या टपऱ्यांची रांग आहे. सीगल पक्ष्यांचं भान ठेवा, ते मागून येतात आणि हातातला मासा नेतात. भिंतीला पाठ लावून खायचं.

पूर्वेकडे ईस्ट क्लिफ. ब्रॉडचर्च ही मालिका ज्यांनी पाहिली त्यांना हा कडा ओळखू येतो. खालून वरपर्यंत पिवळे थर, त्यातले काही पुढे आलेले, काही आत गेलेले. पुढे आलेले थर चुन्याने घट्ट सांधलेल्या वाळूचे, आत गेलेले नुसत्या भुसभुशीत वाळूचे. मऊ थर वाऱ्या-पावसाने आत खात जातो, वरचा कठीण थर अधांतरी राहतो, आणि उभ्या भेगेपाशी सुटून सगळा कापा एकदम खाली येतो. त्याला पाऊसच लागतो असं नाही, कोरड्या दिवशीही पडतो. जुलै २०१२मध्ये जवळच्या बर्टन ब्रॅडस्टॉकला असाच कडा कोसळून एका तरुणीचा जीव गेला. तेव्हा कड्याच्या सावलीत चादर पसरणं, मुलांना पायथ्याशी वाळूत खेळायला सोडणं, दोन्ही नको. पाण्याच्या कडेने चालायचं. ओहोटी लागते ती याचसाठी, कारण भरतीला पाणी आणि कडा यांच्या मधे सुरक्षित पट्टाच उरत नाही. कड्यावरची वाटही काठापासून आत सरकवलेली असते. ‘पाथ क्लोज्ड’ची पाटी दिसली तर ती खरी समजा, नकाशा जुना असतो.

इथूनच चेझिल बीच सुरू होतो तो थेट पोर्टलंडपर्यंत, सुमारे २९ किलोमीटर. गोट्यांचा आकार पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जातो. वेस्ट बेला वाटाण्याएवढे, पोर्टलंडला मुठीएवढे. रात्री होडी लावणारे जुने कोळी हातात गोटा घेऊन आपण कुठे लागलो ते सांगत, असं म्हणतात. गोट्यांत पाय रुततो, म्हणून एका किलोमीटरला वाळूवरच्या दुप्पट वेळ धरा. पोहायचं म्हणाल तर लाटा असताना अजिबात नाही. उतार इतका खडा आहे की दोन पावलांत पाणी छातीला लागतं आणि परतणारी लाट पायाखालचे गोटे ओढून नेते. गोटे खिशात घालून आणायला कायद्याने बंदी आहे, एकदोनसुद्धा नको.

बर्टन ब्रॅडस्टॉकचा हाइव्ह बीच तीन-चार किलोमीटरवर आहे. वाटेत फ्रेशवॉटरला ब्राइड नावाची छोटी नदी आडवी येते, तिथे पूल किनाऱ्यापासून थोडा आत आहे. तिकडून परतायला एक्स-५३ बस मिळते, म्हणजे एकच बाजू चालायला पुरे.

दुसरा दिवस हाताशी असेल तर पश्चिमेला जा. वेस्ट बेहून आइप, थॉर्नकोम बीकन (१५७ मीटर) आणि सीटाउन, असा चढ-उताराचा साडेचार-पाच किलोमीटरचा रस्ता. सीटाउनपुढे गोल्डन कॅप, १९१ मीटर, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं सर्वात उंच टोक. सिंहगड चढणाऱ्याला हे काहीच नाही, पण वारा समुद्राकडून सरळ येतो, छत्री उलटी होते, जॅकेटच हवं. टोकाचा पिवळसर दगड वाळूचा आणि खालचा राखाडी थर चिकणमातीचा. पाणी वाळूतून झिरपून मातीवर येऊन अडतं, माती निसरडी होते आणि वरचा डोंगर घसरतो. एप्रिल २०२१मध्ये सीटाउन आणि आइपच्या मधे सुमारे ४,००० टन दगड-माती एकदम खाली आली. घसरून आलेल्या चिखलावर पाय देऊ नका, वरून वाळलेला दिसतो आणि गुडघ्यापर्यंत गिळतो.

ओहोटी जुळत नसेल त्या दिवशी समुद्र सोडून मागच्या टेकड्यांकडे वळावं, आणि खरं सांगायचं तर मला हा भाग किनाऱ्यापेक्षा सरस वाटतो. ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर ११६ नकाशा घ्या. प्रमाण १:२५,०००, म्हणजे चार सेंटिमीटरला एक किलोमीटर. हिरव्या तुटक रेषा म्हणजे चालायचा कायदेशीर हक्क असलेल्या वाटा. जमिनीवर त्या पिवळ्या बाणांनी दाखवलेल्या असतात. निळा बाण असेल तिथे घोडे आणि सायकलीही येतात. वाट शेतातून गेली म्हणून बिचकायचं कारण नाही, फक्त ती सोडून पिकात शिरायचं नाही. मोबाइलचं रेंज दऱ्यांत जातं, कागदी नकाशा काम देतो.

गावाच्या पश्चिमेला दोन-अडीच किलोमीटरवर सिमंड्सबरी. तिथून कोल्मर्स हिल ही शंकूसारखी टेकडी, माथ्यावर पाइनची मोजकी झाडं, वीस-पंचवीस मिनिटांचा चढ. टेकडीच्या पायथ्याहून शूट्स लेन आणि पुढे हेल लेन नॉर्थ चिडिओककडे उतरते. ही वाट जमिनीच्या कितीतरी खाली आहे. शेकडो वर्षं बैलगाड्यांच्या चाकांनी मऊ वालुकाश्म झिजवला, पावसाचं पाणी त्याच चरातून वाहिलं, आणि रस्ता खोल खोल जात राहिला. आता दोन्ही बाजूंना उंच भिंती, वर झाडांची मुळं लोंबलेली, नेचे, आणि दगडात कोणी कोणी कोरून ठेवलेले चेहरे. भर दुपारी आत अंधार असतो. पावसानंतर तळाशी ओढा वाहतो, साधे कापडी बूट घालून जाऊ नका.

जीवाश्म शोधायचे तर चारमथ, बसने अर्ध्या तासाच्या आत. हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, कारण वादळी लाटा कड्याची माती धुतात आणि नवे तुकडे उघडे पडतात. उन्हाळ्यात हजारो डोळ्यांनी चाळलेला किनारा मिळतो. उतरत्या ओहोटीबरोबर खाली जायचं, कड्यावर हातोडी मारायची नाही, पाण्याच्या कडेच्या बारीक गोट्यांत चकाकणारे पायराइट या खनिजाचे नखाएवढे ॲमोनाइट, म्हणजे वेटोळ्या शंखांचे जीवाश्म, शोधायचे. सुट्टे पडलेले उचललेले चालतात. घरी आणल्यावर ते दमट हवेत पांढरी पूड होऊन फुटतात, कोकणात किंवा मुंबईत तर पहिल्याच पावसाळ्यात. गोड्या पाण्यात दिवसभर भिजवून, पूर्ण वाळवून, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे.

मुक्कामाचं आधी बघा. उन्हाळ्यात पुष्कळ घरगुती मुक्काम फक्त शनिवारची एक रात्र देत नाहीत, दोन रात्रींची अट असते. शुक्रवारी संध्याकाळी येऊन शनिवार-रविवार करणं त्यात बसतं. खोली दुपारी तीन-चारला मिळते, पण सामान सकाळी ठेवू देतात, आदल्या दिवशी विचारून घ्यावं. जूनमध्ये सव्वानऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरात चारला अंधार, आणि बस मात्र दोन्ही ऋतूंत संध्याकाळी विरळ होते. शेवटच्या बसची वेळ सकाळी उतरतानाच थांब्यावर बघा आणि तिच्या आधीची पकडायचं ठरवा. शेवटची रद्द झाली तर डॉर्चेस्टरपर्यंतचे २५ किलोमीटर टॅक्सीने जावं लागतं, आणि शनिवारी रात्री टॅक्सी आधी सांगून ठेवल्याशिवाय मिळत नाही.